मनोऱ्यावरून उतरलेली घंटा

भीमाशंकरला पायऱ्या उतरून देवळापाशी आलं की शनीच्या देवळीसमोर दोन खांबांच्या मधे एक मोठी घंटा टांगलेली दिसते. तिच्यावर क्रॉस आहे आणि इसवी सनाचं साल आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एकाच्या दारात क्रॉस असलेली घंटा, पण श्रावणी सोमवारच्या रांगेतल्या माणसांना त्यात काही वावगं वाटल्याचं मी पाहिलेलं नाही. लोक तिला हात लावतात, तो हात कपाळाला लावतात आणि पुढे सरकतात.

आमच्या माणमध्ये ही घंटा ठाऊक होती ती आजीच्या तोंडून. (माण म्हणजे मुळशी तालुक्यातलं, हिंजवडीच्या शेजारचं. साताऱ्याकडचा माण तालुका नव्हे, हा खुलासा आम्हा गावकऱ्यांना जन्मभर करत राहावा लागतो.) आजी लहानपणी थोरल्यांबरोबर भीमाशंकरला चालत गेली होती. चाकण, खेड, चास, वाडा असे मुक्काम करत. तिच्या गोष्टीत ती घंटा फिरंगोजी नरसाळ्यानं आणलेली होती.

"चाकणचा किल्ला पडाय लागला तवा फिरंगोजीनं काय केलं? खानाच्या हाती लागाय नगं म्हनून घंटा डोक्यावं घेतली आन् थेट भीमाशंकर गाठलं."

"एवढी मोठी घंटा डोक्यावर?"

"तवाची मानसं तशी व्हती."

पुढं शाळेत इतिहास वाचला तेव्हा कळलं की फिरंगोजीनं चाकणचा संग्रामदुर्ग शाएस्ताखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने झुंजवला तो १६६० साली, आणि भीमाशंकरची घंटा आली वसईहून, चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर, १७३९मध्ये. मधे पाऊणशे वर्षांहून जास्त अंतर. आजीनं फिरंग्यांची घंटा फिरंगोजीच्या नावावर करून टाकली होती. तरी मला तिची गोष्ट अगदीच निराधार वाटत नाही. चाकणचा बुरूज मोगलांनी सुरुंग लावून उडवला होता, वसईचा तट मराठ्यांनी सुरुंग लावूनच फोडला. तट कोसळतो आणि एक घंटा डोंगराकडं निघते, एवढा ऐवज तिच्यापाशी बरोबर पोचला होता. नावं तिनं वाटेतली घातली. चाकण वाटेत होतं, वसई नव्हती.

वसई हे पोर्तुगिजांचं खरंखुरं शहर होतं. १५३४मध्ये गुजरातच्या बहादुरशहाकडून त्यांना ती मिळाली आणि पुढची दोनशे वर्षं त्यांनी तटाच्या आत चर्चं, मठ, वाडे उभे केले. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन, सगळ्या पंथांची चर्चं तिथं होती. आज किल्ल्यात शिरलं तर झाडीतून वर आलेला सेंट जोसेफच्या चर्चचा मनोरा लांबून दिसतो. त्याच्या उंचीकडे पाहिलं की घंटा तिथं कशासाठी होती ते कुणी समजावून सांगायला नको. खाली राहणाऱ्या माणसानं तिला हात लावायचा नव्हता, फक्त ऐकायची होती. ती वाजली की उठायचं, ती वाजली की प्रार्थना, ती वाजली की वेस बंद. समुद्रावर परकं गलबत दिसलं, कुठं आग लागली तरी वरून तीच बोलणार. दोरी ओढणारा एक आणि ऐकणारं सगळं शहर, असा तो मामला. जुन्या गोव्यात सी कॅथेड्रलची मोठी घंटा, जिला तिथं सोन्याची घंटा म्हणतात, धर्मसमीक्षण संस्थेच्या शिक्षांचा जाहीर सोहळा असला की वाजायची. ज्यांच्या घरातलं माणूस त्या मिरवणुकीत असेल त्यांनी ती कशी ऐकली असेल?

मे १७३९मध्ये वसई पडली. शरणागतीच्या अटी सन्मानाच्या होत्या. पोर्तुगीज फौज आपली निशाणं घेऊन बाहेर पडली, मागं राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळायची मोकळीक मिळाली. चर्चांच्या घंटा मात्र उतरवल्या गेल्या आणि बहुतेक घाट चढून देशावर आल्या. भीमाशंकर, पालीचा बल्लाळेश्वर, शिरूरजवळचं रामलिंग, वाईजवळची मेणवली, नाशिकचं नारोशंकराचं देऊळ... जिथं जाल तिथं पुजारी सांगतो, ही आप्पांनी दिलेली. ह्या सांगण्यात एक गंमत आहे. चिमाजी आप्पा १७४०च्या डिसेंबरात वारले. नारोशंकराचं देऊळ बांधलं गेलं १७४७मध्ये. मेणवलीत वाडा आणि घाट बांधणाऱ्या नाना फडणिसांचा तर जन्मच १७४२चा. म्हणजे ह्या घंटा मधली काही वर्षं कुठं तरी पडून असणार, कुणाच्या तरी कोठारात, नाहीतर आधीच्या एखाद्या देवळात. कुणी तरी त्यांची राखण केली असणार, कुणी तरी त्या दुसऱ्यांदा बैलगाड्यांवर चढवल्या असणार. लोककथेला हा मधला काळ नकोसा असतो. तिला विजय हवा आणि दान हवं, मधलं ओझं कुणी वाहिलं ते नको. त्या बाबतीत आजी बरी म्हणायची. तिच्या गोष्टीत निदान कुणाच्या तरी डोक्यावर भार होता.

मेणवलीची घंटा मी नीट पाहिली आहे. घाटावरच्या एका दगडी छत्रीत ती टांगलेली आहे, वजन साडेसहाशे किलो सांगतात, साल १७०७, आणि अंगावर बाळ येशूला घेतलेली मारिया. गाईड तिला पंचधातूची म्हणतात. चर्चच्या घंटांचं ओतकाम सहसा तांबं आणि कथलाचं, साधारण चारास एक. कथील जास्त झालं तर घंटा ठिसूळ होते, कमी पडलं तर आवाज बसका येतो. काठ जाड ठेवायचा, कारण लोलक तिथंच आपटतो. असल्या घंटा मुळात चाकाला बांधून झुलवायच्या असत, घंटा हलायची आणि नाद गावभर फिरायचा. आपण त्या खांबाला पक्क्या केल्या. लोलकाला साखळी बांधली की झालं.

मला ह्या साऱ्यात फार महत्त्वाचं वाटतं ते हे, की आपण त्या खाली टांगल्या. जिंकून आणलेली वस्तू माणूस उंच मिरवतो. मनोरे बांधता येत नव्हते असंही नाही. ज्यांनी शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उभा केला त्यांना घंटेसाठी चार मजले चढवणं काय अवघड होतं? पण आपल्याकडं उंचावरची जागा दुसऱ्यांची होती. दरवाजाच्या डोक्यावर नगारखाना, देवळासमोर दीपमाळ. वरून बोलायचं ते नगाऱ्यानं, वरून दिसायचं ते दिव्यानं. घंटेची जागा मात्र ठरलेली, उंबऱ्याशी, हाताला येईल अशी. देवळात शिरणारा प्रत्येक जण स्वतः ती वाजवतो, आणि वाजवून फक्त एवढंच सांगतो की देवा, मी आलो. त्यात हुकूम नाही. वसईकरांना उठवणारी, बसवणारी घंटा घाट चढून आली आणि कुणाही शेतकऱ्याच्या, कुणाही पोराच्या हातात आली. तिचा मनोरा गेला तसा तिचा एकुलता एक वाजवणाराही गेला. अर्थात ज्यांच्या हाताला देवळाचा उंबराच शिवायचा नाही असं गावानं ठरवलं होतं, त्यांच्यापर्यंत ती खाली आली नव्हती, हेही इथंच लिहायला हवं.

ह्या सगळ्यात एकच घंटा पुन्हा वर चढली, नाशिकची. नारोशंकराच्या देवळाच्या कोटाला गोदावरीच्या बाजूनं जी छत्री आहे, तिच्यात ती आहे. तिच्यावर १७२१ साल आहे आणि नाशिककर तिला रामघंटा म्हणतात. गोदेचं पाणी चढत चढत तिला लागलं की ती आपोआप वाजते, असं तिथले जुने लोक सांगायचे. नाशकात पूर मोजायचा तो दुतोंड्या मारुतीवर, पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला. त्याच्या पुढची खूण घंटेची. म्हणजे तिला वाजवणारा माणूस नाही, नदीच तिची पहारेकरी. उंच नेल्याबरोबर घंटा पुन्हा इशाऱ्याच्या कामाला लागली, ही गोष्ट खरी असो वा रचलेली, मला नेमकी वाटते.

मग आमच्या मुलखात इशारा द्यायचं काम कुणाचं होतं? पेशवाईतल्या पुण्यात ते तोफेचं होतं. रात्री अकराला भांबुर्ड्याला तोफ व्हायची. त्यानंतर रस्त्यात सापडेल त्याला कोतवालाची माणसं धरून चावडीत बसवायची, सकाळपर्यंत. खुद्द एका पेशव्यालाही अशी रात्र काढावी लागली, असं एका साहेबानं लिहून ठेवलंय. मला ती पुणेरी थाप वाटते, साहेबाच्या गळ्यात मारलेली. पण त्या तोफेमागं कोतवाल होता घाशीराम, हे विसरता येत नाही. १७९१च्या ऑगस्टात त्याच्या लोकांनी कोंडून ठेवलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि शहरानं घाशीरामला दगडांनी ठेचलं. शहराची झोप एका माणसाच्या हाती दिली की काय होतं त्याची ती हकिकत.

गावात तोफ नव्हती, रामोशी होता. आमच्या आळीपलीकडं रामोश्यांची घरं होती. त्यांतल्या एका म्हाताऱ्यांना सगळा गाव तात्या म्हणायचा. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पोरं त्यांच्या ओट्यावर बसायचो. त्यांच्या आजाकडं गावाची रात्रीची राखण होती.

"तुमच्याकडं घंटा होती का, तात्या?"

"घंटा कशाला? घंटा वाजली तर चोरालाबी कळतं पहारा कुठाय त्ये. आमचा आजा आंधारात बसायचा. आरोळी एका ठिकानी द्यायची आन् दुसऱ्या ठिकानी जाऊन बसायचं."

हे मला तेव्हा नुसतं मजेशीर वाटलं होतं. आता वाटतं, मनोऱ्यावरचा पहारा आणि हा पहारा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो दिसण्यावर चालायचा, हा न दिसण्यावर. आणि ह्यात जबाबदारी केवढी! गावात चोरी झाली तर रामोश्यानं माग काढायचा, पावलांचे ठसे धरत शिवेपर्यंत जायचं. माग पुढच्या गावाच्या हद्दीत गेला असं दाखवता आलं तर ओझं तिकडच्या रामोश्याच्या डोक्यावर. नाही दाखवता आलं तर भरपाई ह्याच्याकडून. तात्या सांगायचे, आजा ठशावर घमेलं पालथं घालून ठेवायचा, वाऱ्यानं, गुरांनी मोडू नये म्हणून. बदल्यात वतनाची जमीन आणि सुगीला खळ्यावरचं धान्य.

ही राखण हिसकावून घेतली तर काय होतं ते आमच्या जिल्ह्यानं पाहिलेलं आहे. पुरंदर किल्ल्याची राखण रामोश्यांकडं होती. इंग्रज आले, किल्ल्यांची राखण गेली, वतनं गेली, आणि भिवडीचा उमाजी नाईक उभा राहिला. पाच-सहा वर्षं त्यानं कंपनी सरकारला झोपू दिलं नाही. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी झाली. तात्या हे सांगताना आवाज चढवत नसत. एवढंच म्हणत, "राखनदाराला भूक लागली की त्यो कुनाची राखन करनार?" सरकारनं नंतर बऱ्याच रामोश्यांना पुन्हा पहाऱ्याच्या कामावर घेतलं, हेही ते हसत सांगायचे. कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्यानं गेली ती १९५८मध्ये. तोवर गावाची रात्र बरीचशी ह्याच घरांवर चालली.

त्याच सुमारास आमच्याकडं नवा मनोरा उभा राहत होता, फक्त तो धुराड्यासारखा दिसत होता. १९५४मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली, लोकांच्या तोंडी पेनिसिलिनची कंपनी. मग साठच्या दशकात एमआयडीसी आली, आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को, आणि मुळशी-मावळातली पोरं सायकली काढून कामाला जाऊ लागली. आमचे अण्णा, म्हणजे थोरले चुलते, त्यांतलेच. पहाटे भाकरी बांधून निघायचे. चिंचवडला मावशीकडं राहिलो की मला कंपन्यांचे भोंगे ऐकायला मिळायचे. मावशी भोंग्यावर भात चढवायची, भोंग्यावर पोरांना उठवायची. अण्णा म्हणायचे, "भोंगा झाल्यावर गेटातून गेलास तर तू कामगार न्हाय, तू गुन्हेगार." भोंगा चुकला की अर्ध्या दिवसाचा पगार गेला. वसईच्या घंटेनं पाद्री नाहीतर फौजदार बोलावला असेल, भोंग्यानं टाइमकीपर बोलावला. ऐकायचंच, वाजवायचं नाही, हा नियम तोच. मुंबईत राजाबाई टॉवर १८७८पासून उभा आहे, प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावानं बांधून दिलेला. पण गिरणगावात त्याच्या टोल्यांवर कोण चालत होतं? तिथंही सत्ता भोंग्याचीच.

अण्णांना भोंग्याचा राग होता, आणि निवृत्त झाल्यावर सगळ्यात जास्त आठवणही त्याचीच यायची. घरी ते पहाटे चारला उठून बसायचे. आजी म्हणायची, "ह्येच्या कानात कंपनी शिरलीया."

आमच्या शाळेत घंटा नव्हती, रेल्वेच्या रुळाचा तुकडा होता, लिंबाच्या फांदीला तारेनं टांगलेला. शिपाईमामा त्यावर लोखंडी टोल द्यायचे. मधल्या सुट्टीचा टोल द्यायला मिळावा म्हणून आम्ही त्यांचं पाणी भरायचो, त्यांची तंबाखू आणायचो. माझ्या आयुष्यात सत्ता हाती आल्याची पहिली भावना ती. एकदा मी दहा मिनिटं आधीच टोल दिला. शाळा सुटली. मामांनी मला काही केलं नाही, ते स्वतःच पोरांबरोबर बाहेर पडून विडी ओढत उभे राहिले.

घंटा नेली त्या वसईचं पुढं काय झालं, हे आपण इकडं क्वचितच विचारतो. तिथली ख्रिस्ती गावं आपल्या जागीच राहिली, वाड्या-बागा करत, सामवेदीसारख्या आपापल्या बोली बोलत आणि मराठीत प्रार्थना म्हणत. त्यांची चर्चं पुन्हा उभी राहिली, नव्या घंटा आल्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ त्या वाजतात. गावात कुणी गेलं तर वेगळ्या, संथ लयीत वाजतात, आणि शेतात वाकलेला माणूस सरळ होऊन क्रूसाची खूण करतो. त्या मातीतल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं तेव्हा मराठीतल्याच काही लोकांनी आरडाओरडा केला. मला तेव्हा भीमाशंकरच्या खांबांमधली ती घंटा दिसत होती. देवाच्या दारात क्रॉस तीनशे वर्षांच्या जवळपास चालतो आणि मांडवात झगा चालत नाही, याला काय म्हणावं?

घंटा उतरतात, चढतात, फिरत राहतात. जुन्या गोव्यातला ऑगस्टिनियनांचा मठ ओस पडला तेव्हा त्याची घंटा आधी आग्वादच्या दीपस्तंभावर गेली, म्हणजे जहाजांना हाका मारू लागली, आणि १८७१मध्ये पणजीच्या मोठ्या चर्चच्या माथ्यावर आली. तिथं ती अजून आहे. मठाचा मनोरा मागं राहिला आणि १९३१मध्ये त्याचा मोठा भाग कोसळला.

माणमध्ये आता मनोऱ्यांना तोटा नाही. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचे पुढचे टप्पे आमच्याच शिवारात आले. जिथं तात्यांचा आजा अंधारात जागा बदलत बसायचा तिथं काचेच्या इमारती रात्रभर पेटलेल्या असतात. शिवाजीनगरकडं जाणाऱ्या मेट्रोचे खांब इथूनच सुरू होतात. भोंगा नाही, कार्ड दाखवलं की फाटक उघडतं आणि वेळ आपोआप नोंदली जाते. पहारेकरी मात्र पूर्वीपेक्षा जास्त आहेत. लातूरचे, नांदेडचे, बिहारचे, आणि काही आमच्या गावचेही, आपल्याच विकलेल्या रानाच्या गेटवर निळा शर्ट घालून बारा-बारा तास उभे. चोरी झाली तर माग काढायची जबाबदारी त्यांच्यावर नाही, ती कॅमेऱ्यावर. नोकरी मात्र त्यांचीच जाते. तात्यांच्या नातवानं हे काम काही वर्षं केलं, मग सोडून टेम्पो घेतला. म्हणाला, "आज्याला निदान बसायला अंधार व्हता. हितं लाइटीखाली उभं राहायचं, खुर्ची न्हाय."

गावच्या देवळातही सुधारणा आली. आरतीला मोटरवर चालणारं यंत्र बसवलंय, एका लोखंडी चौकटीत नगारा, झांजा आणि दोन छोट्या घंटा. बटण दाबलं की सगळं एका तालात वाजतं. आरतीला माणसं कमी पडायला लागली म्हणून आणलं, असं कमिटी सांगते. त्यात खोटं काही नाही, पोरं शिफ्टला असतात. गेल्या उत्सवाच्या मीटिंगमध्ये पुढचा विषय निघाला: यंत्राला टायमर बसवायचा, म्हणजे बटण दाबायलाही कुणी नको, आणि दारातली जुनी घंटा काढून ठेवायची, तिच्यामुळं स्पीकरवर आवाज फाटतो. टायमरला कुणाची हरकत नव्हती, वर्गणी जागच्या जागी निघाली. घंटेवर मात्र मागं बसलेल्या एका चुलतीनं तोंड उघडलं.

"मशीन देवाला उठवंल, मान्य हाय. पर मी आले हे त्याला कोन सांगनार?"

अध्यक्ष म्हणाले, काकू, देवाला सगळं कळतं. काकू म्हणाल्या, मग मशीन कशाला आणलंत? ह्यावर हशा पिकला आणि विषय बारगळला. घंटा राहिली. ठरावात एवढंच लिहिलं गेलं की साखळी हातभर लांब करावी, म्हाताऱ्या बायकांचा हात पोचत नाही.